शहर धावलं त्या रविवारी

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या फाटकाला एक कागद चिकटवलेला दिसला. रविवारी पहाटे पाचपासून सकाळी साडेनऊपर्यंत समोरचा रस्ता बंद, शहर आरोग्यासाठी धावणार आहे, नागरिकांनी सहकार्य करावे. खाली सही नव्हती. एक फोन नंबर होता, तो मी तिथेच उभी राहून लावून बघितला. लागला नाही. असला कागद दिसला की तो कोणी लावला आणि यात कोणाचं भलं होणार आहे, हेच माझ्या डोक्यात आधी येतं. दरवर्षी धावण्याचं कारण बदलतं. एकदा पाण्यासाठी धावले, एकदा लेकींसाठी, एकदा नुसतेच शहराच्या अभिमानासाठी. रस्ता मात्र दरवर्षी आमचाच. धरमपेठेतले लोक भांडायला खाली उतरत नाहीत, गॅलरीत उभे राहून टाळ्या वाजवतात, हे त्या मंडळींना पक्कं ठाऊक असावं असा माझा संशय आहे.

संशय हा माझा जुनाच आजार. मी शाळेत गणित शिकवायची, आणि परीक्षा आल्या की कॉपी पकडायला हमखास मलाच पाठवत. पोरं पायमोज्यात चिठ्ठ्या लपवायची, पट्टीच्या मागे सूत्रं लिहून आणायची, एकीने तर वेणीत कागद गुंडाळला होता. जन्मभर हेच बघितल्यावर कोणी खिशात हात घातला तर तो रुमाल काढणार असेल असं मनातच येत नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी खोड गेली नाही.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील. त्यांना लकवा मारल्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एक ‘हो’ तेवढा उरला, आणि नाही म्हणायचं असलं तरी ते ‘हो’च म्हणतात. सगळ्यात अवघड होतं ते गिळणं. घास श्वासनळीत गेला तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं होतं.

रात्री त्यांच्याजवळ मी असायची आणि सकाळी सात ते संध्याकाळी सात एक बाई. ती हिंगण्याच्या बाजूने, एमआयडीसीच्या अलीकडच्या एका वस्तीतून सिटी बसने यायची. चाळिशीच्या आतबाहेरची, काटक, कमी बोलणारी. वडील तिच्याच हातून जेवायचे. ती त्यांच्या डाव्या बाजूला बसायची, हनुवटी खाली करायला लावायची, चमच्याच्या टोकावर येईल एवढंच द्यायची आणि गळ्यावरून दोन बोटं हलकेच फिरवत वाट बघायची. एकदा गिळलं की पुरे नाही, दुसऱ्यांदा गिळेपर्यंत थांबायचं. एका वाटीला पाऊण तास. ज्वारीची आंबीलही ती घरूनच करून आणायची. ‘तुमची पातय होते, बाबाले ठसका लागते,’ असं तिचं म्हणणं. पहिले पंधरा दिवस मी ती आंबील आधी स्वतः चाखून बघत होते. ती दुसऱ्या दिवसापासून दोन चमचे जास्तीची आणू लागली.

त्याच रविवारी तिला सुट्टी हवी होती. भिवापूरला तिच्या बहिणीच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मी नाही म्हटलं. बदली बाई मिळत नाही, आणि मिळाली तरी वडील तिच्या हातून तोंड उघडत नाहीत. ती ‘बरं’ म्हणाली आणि कामाला लागली. इतक्या सहज ‘बरं’ म्हणाली याचाच मला संशय आला. म्हणून शुक्रवारी फाटकावरचा कागद वाचल्यावर मी ठरवलं की तिला काही सांगायचं नाही. रस्ता बंद आहे हे कळलं की तिला आयतं निमित्त मिळेल आणि ती खुशाल भिवापूरची बस पकडेल. शनिवारी ती आली तेव्हा तो कागद काढून मी ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

रविवारी पहाटेपासून शिट्ट्या सुरू झाल्या. चौकात मंच, त्यावर कोणीतरी ओरडून नागपूरकरांना विचारत होतं, जोश आहे का. थंडी चांगलीच होती. मी वडिलांचं तोंड धुतलं, त्यांना खुर्चीत बसवलं आणि घड्याळाकडे बघत राहिले. सात वाजून गेले. सव्वासातला तिचा फोन आला. मागे ढोल आणि गाणी इतकी मोठ्याने की शब्द निवडावे लागत होते.

“ताई, चौकात अडवून ठेवलं हाय. रस्ता वलांडू नाही देऊन राहिले.”

“पायी माणसाला कोण अडवतं? चालत ये.”

“चालतच आली ना ताई. पौने सातपासून उभी हावो. नंबरवाल्यालेच आत सोडून...”

फोन कटला. मी पुन्हा लावला तर बंद. मला ढोल तेवढा लक्षात राहिला. साक्षगंधालाही ढोल असतोच, असं माझ्या मनाने लगेच जोडून घेतलं. आमच्या चौकातही तेच वाजतंय, हे ऐकू येत असूनही ध्यानात घेतलं नाही.

आठ वाजले तसे वडील डाव्या हाताने वाटीकडे दाखवायला लागले. गोळ्या उपाशी पोटी द्यायच्या नव्हत्या. मी रव्याची खीर घट्ट करून घेतली आणि तिच्याच जागी बसले. हनुवटी खाली, छोटा चमचा, गळ्यावर बोटं. चार घास गेले. पाचव्याला मी दुसरं गिळणं होण्याची वाट बघितली नाही. मनात ती कुठे असेल, बसमध्ये की मांडवात, हाच हिशेब चालला होता. वडिलांचे डोळे एकदम मोठे झाले. खोकलाही येईना. ओठ निळे पडायला लागले.

मी त्यांना पुढे वाकवून पाठीवर थापा मारल्या. एका हाताने अॅम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, “मॅडम, तिकडे मॅरेथॉन आहे ना, फिरून यावं लागेल. अर्धा तास तरी धरा.” मी गॅलरीत धावले, वाचवा म्हणून ओरडले. खाली शेकडो माणसं पळत होती. त्यांतल्या एकाने वर बघून हसत हात हलवला. परत आत आले आणि जिवाच्या आकांताने वडिलांच्या पाठीवर मारत सुटले, आणि तो घास बाहेर पडला. ते रडल्यासारखा आवाज करत श्वास घेऊ लागले. मी जमिनीवर बसून त्यांचे पाय धरले. इतकी मी आई गेली तेव्हाही घाबरले नव्हते. अॅम्ब्युलन्सला नको म्हणून कळवलं आणि मग सगळी भीती रागात गेली.

नऊ वाजून गेल्यावर बेल वाजली. दारात ती. साडीवर शर्यतीचा केशरी टीशर्ट चढवलेला, छातीवर नंबर, गळ्यात मेडल. चेहरा लाल, केस घामाने चिकटलेले. हातात नेहमीची डब्याची पिशवी.

“झाली का मजा?” मी विचारलं. “नाश्ता पण देतात म्हणे. घेतलास ना पोटभर? इथे घास अडकून माझा बाप मरता मरता वाचला आणि तू मेडल मिरवतेस. कोणाचं उचललंस हे?”

उचललंस हा शब्द मी मुद्दाम वापरला. शाळेतही वापरायची, पोर लगेच कबूल व्हायचं. ती कबूल झाली नाही आणि भांडलीही नाही. चपला दाराशी काढल्या. एकीचा अंगठा तुटला होता, तो सुतळीने बांधलेला होता. मी ते बघितलं, आणि गर्दीत नाचल्यावर तुटणारच, असं म्हणाले. ती हात धुऊन वडिलांजवळ बसली. आंबील गरम केली, पाऊण तास लावून वाटी संपवली. वडील मधे मधे तिच्या टीशर्टवरच्या नंबरावर बोट ठेवून ‘हो, हो’ करत होते. संध्याकाळी सात वाजता तिने टीशर्टाची घडी करून त्यावर मेडल ठेवलं.

“ज्याचं असंन त्याले देऊन द्या,” एवढंच म्हणाली आणि गेली.

सोमवारी ती आली नाही. आठ वाजले, फोन बंद. मी आधी काय केलं असेल तर कपाट उघडलं. आईच्या बांगड्या, वडिलांची अंगठी, सगळं जागच्या जागी होतं. मला सुटल्यासारखं वाटलं नाही, उलट चिडच आली. काही गेलं असतं तर माझं म्हणणं खरं ठरलं असतं.

दहाच्या सुमारास खालच्या मजल्यावरचे शेजारी आले. निवृत्त इंजिनिअर, आता पळण्याचं वेड लागलेले. मला येता जाता ‘ताई, तुम्ही पण सुरू करा’ म्हणतात, म्हणून मी त्यांना टाळते.

“तुमच्याकडची बाई कुठे आहे? शाबासकी द्यायची आहे,” ते म्हणाले. “काय धावली हो! चौकात दोरी धरून लोकांना अडवणाऱ्या त्या माणसाच्या हातापाया पडत होती, म्हणे म्हातारा माणूस उपाशी हाय. तो काही ऐकेना. छातीवर नंबर असल्याशिवाय कोणी आत नाही. मी तिला ओळखलं. आमची ही आली नव्हती, तिचा टीशर्ट आणि नंबर माझ्याकडे पडला होता, तो दिला. आत शिरली खरी, पण मधे लोखंडी कठडे, या बाजूला उतरायला जागाच नाही. शेवटची रेघ आपल्या गल्लीच्या तोंडाशी होती ना, तिथेच काय तो रस्ता. म्हटलं, आता पळावंच लागेल बाई, पाच किलोमीटर आहे. तर म्हणते, पयतो. चप्पल तुटली तर कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून सुतळी घेतली अन् पुन्हा सुरू. पूर्ण वेळ डबा असा छातीशी. मेडल तिलाच ठेवू द्या, हक्काचं आहे.”

मी त्यांना बसा म्हणायचंही विसरले. लाज वाटली, आणि इतकी वाटली की त्यांच्यासमोर रडू नये म्हणून उगाच स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा नळ सोडला.

दुपारी त्यांच्या बायकोला वडिलांजवळ बसवून मी ऑटोने तिच्या वस्तीत गेले. दोनदा पत्ता विचारावा लागला. ती दाराशी तांदूळ निवडत होती. पायाला फडकं बांधलं होतं. मला बघून उठली, आतून खुर्ची आणून ठेवली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

“मला कळलं सगळं,” मी म्हणाले. “चुकले मी. पण तू तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“सांगतलं असतं त तुम्ही मानलं असतं काय?”

मानलं नसतं. तिथून तेवढ्यावर उठून आले असते तरी ती कदाचित परत आली असती. पण तिच्या पायाचं फडकं बघवेना, आणि मी बोलून गेले.

“रस्ता बंद राहणार हे मला शुक्रवारीच माहीत होतं. फाटकावर कागद होता. मी काढून ठेवला. तू त्या निमित्ताने भिवापूरला जाशील असं वाटलं.”

तिचे हात थांबले.

“मले काहून नाही सांगतलं ताई?” आवाज चढला नव्हता. “मी चारले उठून पायी आली असती. बाबाचं खानं थंडं नसतं झालं. त्याईले ठसका नसता लागला.”

साक्षगंधाचं ती काहीच बोलली नाही. मी हात जोडले. नोकरीच्या बत्तीस वर्षांत एकाही पोरासमोर जोडले नव्हते. ती म्हणाली, “बाबासाठी येतो. पन माह्या हिशोबानं येईन.” म्हणजे काय, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मंगळवारी सकाळी सव्वासहाला माझ्या फोनवर फोटो आला. तिचा अर्धा चेहरा, मागे बसस्टॉप आणि बंद शटर. साडेसहाला दुसरा, बसच्या खिडकीतला. सातला पाच कमी असताना तिसरा, आमच्या फाटकाचा. दार उघडून मी विचारलं, हे काय. “पुरावा,” ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

तेव्हापासून रोज तीन फोटो येतात. पावसात छत्रीचा दांडाच जास्त दिसतो, तरी येतात. काही महिन्यांनी मी तिला म्हणाले, आता नको पाठवत जाऊस, माझा विश्वास आहे तुझ्यावर. ती वडिलांची हनुवटी पुसत होती. वर न बघता म्हणाली, “राहू द्या ताई. तुम्हाले बरं पडते.” मला ते फार लागलं. दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही.

आज सकाळी दुसरा फोटो सात मिनिटं उशिरा आला. तोवर मी दोनदा गॅलरीत जाऊन आले होते. आला तेव्हा वडिलांच्या पलंगावर बसून दोन बोटांनी मोठा केला. मागचं दुकान कुठलं, सावली सकाळचीच आहे का, साडी कालची तर नाही, सगळं बघत होते. तेवढ्यात फाटकाचा तिसरा फोटो आला आणि पाठोपाठ बेल वाजली. मी फोन वडिलांच्या उशीखाली सरकवला आणि दार उघडायला गेले.