उशाशी बसणाऱ्या ताई

मी बरीच वर्षं एका टीव्ही मालिकेसाठी गुन्ह्यांच्या कथा लिहिल्या. मालिकेचं शूटिंग मुंबईत व्हायचं, मी नाशकात घरी बसून लिहायचो. दर महिन्याला दोन खून, एक इन्स्पेक्टर, तीन-चार संशयित. लोक विचारायचे, "एवढं सुचतं कुठून?" मी हसून डोक्याकडे बोट दाखवायचो. ते खरं नव्हतं. बऱ्याच गोष्टी मला कुणी ना कुणी सांगितलेल्या असायच्या. वृद्धाश्रमाची गोष्ट आत्याने सांगितली होती.

आत्याने लग्न केलं नाही. शाळेत गणित शिकवण्यात तिचा सगळा जन्म गेला. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिने स्वतःच चौकशा करून दिंडोरी रस्त्यावरच्या एका लहानशा वृद्धाश्रमात जागा घेतली. मी आमच्याकडे ये म्हणालो, तर म्हणाली, "तुझी बायको माझ्याशी फार चांगली वागेल, आणि मला त्याचंच ओझं होईल." मग मी दर गुरुवारी तिच्याकडे जाऊ लागलो. वीसेक माणसं होती तिथे. मागे कुणाची तरी द्राक्षबाग होती, फवारणी सुरू झाली की सगळ्या खिडक्या लावून घ्याव्या लागत.

तिथलं सगळं एका बाईंच्या जिवावर चालायचं. देवळा तालुक्यातल्या, पन्नाशीच्या, नवरा लवकर गेलेला. ऐंशीचे आजोबाही त्यांना ताईच म्हणत. सकाळी त्या गोळ्यांच्या वाट्या घेऊन फिरायच्या, बरोबर गुळाचा डबा. कडू गोळी गिळली की वर गुळाचा खडा. ज्यांना साखरेचा त्रास त्यांना बडीशेप, आणि त्यावरून रोज रुसवेफुगवे.

त्या हिवाळ्यात आश्रमातली तीन माणसं गेली. थंडी कडक होती, आणि तिघंही नव्वदीला टेकलेली. एका गुरुवारी आत्या म्हणाली,

"ताईला आधी कळतं रे."

"काय कळतं?"

"कोण जाणार ते. पाय चाचपते, नखं बघते, श्वास ऐकते. मग स्टूल ओढून उशाशी बसते, हात हातात घेऊन. बोलत नाही काही, नुसतं गुणगुणते. तिघांच्याही वेळी बसली होती."

"तुला भीती नाही वाटत?"

"भीती कसली? मला तर निर्धास्त वाटतं. माझ्या वेळीही ती असेल."

मी मान डोलावली. पण परत येताना गाडी चालवता चालवता माझ्या मनात कथेचे प्रसंग जुळत होते.

वाहिनीला दोन भागांची मोठी कथा हवी होती, आणि मला महिनाभर काही सुचलेलं नव्हतं. माझ्या कथेतली सेविका म्हाताऱ्या माणसांना गुळातून विष द्यायची. ज्याला दिलं त्याच्या उशाशी जाऊन बसायची, हात धरून गुणगुणायची. इन्स्पेक्टरला त्यावरूनच संशय येतो: कोण मरणार हे हिला आधी कसं कळतं? मी गाव बदललं, बाईचं वय कमी केलं, द्राक्षांच्या जागी पेरूची बाग केली. बाकीचं राहू दिलं, कारण तेच चांगलं जमलं होतं. दिग्दर्शकाचा फोन आला, "ते उशाशी बसणं काय भारी आहे! अंगावर काटा आला." मी दिवसभर खुशीत होतो.

त्याच सुमारास आत्याने विचारलं होतं, सध्या काय लिहितोयस. "एका कारखान्यातली गोष्ट आहे," मी म्हणालो. म्हणजे मला आतून कळत होतं. नंतर मी हे नाकारून पाहिलं, पण तसं नसतं तर मी कारखाना कशाला सांगितला असता?

शनिवारी संध्याकाळी पहिला भाग लागला. भाच्याचं नाव पडद्यावर दिसणार म्हणून आत्याने सगळ्यांना हॉलमध्ये गोळा केलं होतं. ताईही पदराला हात पुसत दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावरच्या बाईने गुळाचा डबा उघडला तेव्हा सगळे हसले. एक आजी म्हणाल्या, "अगं ताई, ही तर तूच!" ताईही हसल्या. रविवारी दुसऱ्या भागात त्या बाईला बेड्या पडल्या, तेव्हा कुणी हसलं नाही. ताई स्वयंपाकघरात निघून गेल्या. हे सगळं आत्याने मला फोनवर सांगितलं. शेवटी तिने एवढंच विचारलं, "कारखाना कुठे गेला रे?"

"आत्या, ती गोष्ट आहे. काल्पनिक. सुरुवातीला पाटीसुद्धा येते तशी."

तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी एका आजोबांनी गूळ घेतला नाही. नुसती गंमत केली, असं ते नंतर सांगत राहिले. पण मग आणखी दोघांनी घेतला नाही. त्याच आठवड्यात एक गृहस्थ आले. नाशकातच द्वारका चौकात त्यांचं टायरचं दुकान होतं, आणि हिवाळ्यात गेलेल्या तिघांत त्यांची आई होती. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. आईकडे महिनोन्‌महिने फिरकायला जमलं नव्हतं, ते बहुधा त्यांना खात होतं. ऑफिसात उभे राहून ते मोठ्या आवाजात विचारत होते, "आई गेली तेव्हा हीच बसली होती ना जवळ? हिला कसं कळलं? डॉक्टरला आधी का नाही बोलावलं?"

आश्रम चालवणारे नवरा-बायको घाबरले. त्यांनी बाहेरचे डॉक्टर बोलावून कागद तपासून घेतले. कुठेही काही वावगं निघालं नाही, आणि तसं त्यांनी सगळ्या नातेवाइकांना लेखी कळवलं. पण दोन नियम मात्र लावले. गूळ बंद. आणि ताईंनी कुणाच्याही खोलीत एकटीने बसायचं नाही.

तीन आठवड्यांनी कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी गेल्या. आदल्या संध्याकाळी ताईंनी त्यांचे पाय चाचपले होते आणि ऑफिसात जाऊन सांगितलं होतं, "आजींपाशी कुणीतरी बसा. मी नाय बसत, पण कुणीतरी बसा." डॉक्टर सकाळी येणारच आहेत, असं उत्तर मिळालं. आत्याची खोली समोरच होती. तिने पुढे कधीतरी सांगितलं, ताई बाहेर व्हरांड्यात उंबऱ्यापासून हातभर अंतर राखून भिंतीला टेकून बसल्या होत्या. आजी आतून दोनदा "ताई, ताई" म्हणाल्या. ताई बाहेरूनच "हाय मी, हाय इथंच" म्हणत राहिल्या. सकाळी डॉक्टर आले तेव्हा सगळं संपलं होतं. आजींचं सगळं आवरल्यावर ताईंनी पिशवी भरली आणि त्या गावी गेल्या.

मी या सगळ्या दिवसांत एकदाही आश्रमात गेलो नव्हतो. गुरुवार आला की काहीतरी काम निघायचं, म्हणजे मी काढायचो. आजींची बातमी कळल्यावर मात्र गेलो. आत्या खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिने ताईंच्या गावाचा पत्ता लिहिलेला कागद माझ्या हातात ठेवला.

देवळ्याच्या पुढे थोडं आत गाव होतं. ताई भावाच्या मळ्यात, कांदा साठवायच्या चाळीसमोर सावलीत बसून कांदा निवडत होत्या. मला पाहून त्यांनी हात झटकले, पोतं अंथरलं, पाणी आणून दिलं. मी वाटेत पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. चूक झाली, असं होईल वाटलं नव्हतं, मी आश्रमवाल्यांशी बोलतो, तुम्ही परत चला.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दादा, एक विचारू? तुम्ही मला कधी विचारलं का नाय, मी का बसते?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"माझा मालक नाशिकला दवाखान्यात वारला. मी खाली गोळ्या आणायला गेलते. वर आले तर झालं होतं सगळं." त्यांनी एक सडका कांदा बाजूला टाकला. "तेव्हापासून बसत होते. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. मग तुम्ही तेबी लिहिलं असतं, नाय का?"

"नसतं लिहिलं," मी म्हणालो.

"लिहिलं असतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "लिहायला हरकत नव्हती. पण मला विष देणारी करून टाकली." मग उठत म्हणाल्या, "मी नाय येणार आता. आजी हाका मारत होती आणि मी उंबऱ्याभायेर बसले. तिथं आता पाय नाय टाकवत. चहा घेऊन जा."

चहा घेतला. निघताना त्यांनी आत्यासाठी पिशवीभर कांदे दिले, तेही मी घेतले.

मी निर्मात्यांना ते दोन भाग काढून टाकायला सांगितलं. ते म्हणाले, "अहो, ॲपवर तेच सगळ्यात जास्त बघितले जातात." अजूनही आहेत. मी मालिका सोडली, पण त्याने कुणाचं काही बरं झालं असं म्हणता येणार नाही.

आत्या आता पुष्कळ थकली आहे. आश्रमात नवीन नर्स आहे, तक्ता बघून बिनचूक गोळ्या देते आणि सहाला घरी जाते. मी गुरुवारी जातो. आत्या चहा विचारते, मुलांची चौकशी करते. परवा तिने समोरच्या खोलीत आलेल्या नव्या बाईंबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली. कुणाला तरी त्या रोज पत्र लिहितात म्हणे. मी विचारलं, "कुणाला?" ती माझ्याकडे क्षणभर पाहत राहिली, मग म्हणाली, "असू दे. तू निघ, ट्रॅफिक लागेल."