दोन नळ, एक नाव

अक्षर वाकडंतिकडं आहे आणि शुद्धलेखनाचं विचारूच नका. शाळा चौथीत सुटली. पण वैशालीने केलेलं काम कुठेतरी लिहून ठेवावंसं वाटलं.

इंग्लंडमध्ये स्लाऊला आमची पाणी तपासायची लॅब आहे. बाटल्या आल्या की त्यांच्यावरची नावं बघून मी कॉम्प्युटरमध्ये टाइप करते. त्या शुक्रवारी रूथचा फोन आला. मेडनहेडच्या बाहेर तिची लहान मुलांची नर्सरी आहे. तिच्या किचनच्या आणि बागेतल्या, दोन्ही नळांच्या पाण्यात शिसं जास्त, असा आमचा रिपोर्ट गेला होता.

फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, "बागेतला नळ जुनाट आहे, मान्य. पण किचनचा पाइप नवा आहे. सोमवारी नर्सरी बंद करायला लागली तर मुलांना कुठे पाठवू?"

आमचा मॅनेजर ग्रॅहम म्हणाला, "सॉरी, मशीन खोटं बोलत नाही."

वैशाली नागपूरची, आमचं सॉफ्टवेअर बघते. तिने दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले.

"ग्रॅहम, दोन नळ आणि आकडा शेवटच्या डेसिमलपर्यंत सेम? असं पाणी मी तरी नाही पाहिलं."

तिने मूळ फाईल उघडली आणि मला जवळ बोलावलं. "काकू, बघा. या फाईलमध्ये प्रत्येक नावाला वीस अक्षरांचाच डबा आहे. तुम्ही पूर्ण नाव टाकलंय, पण फाईलने शेपूट कापलं."

आमच्याकडे नावात आधी जागा, मग नळ लिहायची पद्धत. त्यामुळे 'किचन' आणि 'गार्डन' हेच शब्द उडाले होते. दोन्ही नावं एकच झाली. रिपोर्ट बनवणारा प्रोग्रॅम नावावरून शोधतो. त्याला दोन्ही वेळा बागेतला आकडा आधी सापडला.

आकडे मात्र शाबूत होते, ट्रेमध्ये बाटल्या ठेवल्या त्याच क्रमाने. तरी वैशालीने किचनच्या बाटलीतलं उरलेलं पाणी पुन्हा मशीनला लावायला सांगितलं. पाणी स्वच्छ निघालं.

ग्रॅहमने लगेच रूथला फोन करून माफी मागितली. मग वैशालीला म्हणाला, "डबा शंभरचा कर आणि घरी जा."

"म्हणजे एकशे एक अक्षरांचं नाव आलं की परत हेच! नाव जेवढं, तेवढी जागा. फाईलमध्ये तशी सोय आहे, आपण वापरत नव्हतो."

पण जुन्या प्रोग्रॅमला तशी फाईल वाचता येईना, म्हणून तिने तोही बदलला. कोणी सांगितलं नसताना जुन्या फायलीही तपासल्या. अशी आणखी एक जोडी सापडली, तेव्हा ग्रॅहमने त्या लोकांना स्वतः फोन केला.

सोमवारी नर्सरी उघडली. बागेतला नळ तेवढा बंद केला.

वैशालीने तशी सोय केल्यामुळे आता दोन नावं सारखी आली की कॉम्प्युटर पुढे जात नाही. मी वैतागून हाक मारते, "वैशाली, परत अडलं गं!"

"अडू द्या, काकू."

तिचं बरोबर आहे. गुपचूप काम उरकणाऱ्या मशीनपेक्षा हे अडेलतट्टू बरं.