ओला पंख

ओल्या रंगाला हात लावू नये, हे पन्नाशीतही मला पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. आणि पाटी मी वाचली नव्हती.

प्लेनो शहराजवळच्या एका विमान-संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो नावाचं लाकडी विमान दुरुस्तीला ठेवलं होतं. धातूचा तुटवडा, म्हणून फर्निचर करणाऱ्यांकडून बनवून घेतलेलं. बॉम्ब टाकायला, फोटो काढायला, रात्री लढायला हेच विमान, असं व्याख्यान मी लेकीला दिलं. नुकतंच वाचलेलं ज्ञान माझ्या पोटात टिकत नाही.

"बाबा, रिअली वूड?"

खात्री पटवायला मी पंखावर टकटक केलं.

"बाबा, डोन्ट!"

तोवर ओल्या करड्या रंगात बोटं उमटली होती. मी हात खिशात लपवला. पॅन्टही कामातून गेली.

इतक्यात रंगवणारी म्हातारी बाई कॉफी घेऊन परतली. ब्रश कानामागे खोचलेला. चालताना ती विमानाच्या कडेने तळहात हवेतच फिरवत होती, कुरवाळल्यासारखा. ठसे दिसले तशी थबकली. स्वतःची बोटं उलटसुलट करून पाहिली.

"माझाच हात लागला असणार," ती आम्हाला म्हणाली. "मुलगा म्हणतोच, आता पुरे कर. बरोबर आहे त्याचं." आणि ब्रश कायमचा धुवून ठेवायला निघाली.

लेक माझ्याकडे बघत होती. तरीही मी आधी दाराकडे पाहिलं. मग खिशातून करडी बोटं बाहेर काढली.

"मॅडम, ते ठसे माझे आहेत. कलिंगड घेताना वाजवून बघतात, तसं मी तुमचं विमान वाजवलं. तुमचा हात चुकला नाही. मला माफ करा."