वाळुंजाच्या ढलप्या

फीनन क्रोली आमच्या डोंगराकडचा सुतार. दारं, गाड्यांची चाकं आणि शवपेट्या हे त्याचं पोटापाण्याचं काम. शवपेटीसुद्धा आतून रंधा मारून गुळगुळीत करायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "मुडदा तक्रार करत न्हाई म्हणून काय खडबडीत निजवायचा?" या खोडीनंच त्याचा घात केला.

आमच्या भागात जुना हार्प एकच उरला होता, गॉबनट मावशीकडचा, तिच्या आज्यापासून चालत आलेला. मांडीवर घेऊन वाजवायचा, लहान मुलाएवढा. वाळुंजाचा अख्खा ओंडका आतून कोरून त्याचं पोट केलेलं, वर पितळी तारा. मावशी नखांनी छेडायची तेव्हा नाद असा लांबायचा की चुलीवरचं दूध उतू जाईस्तोवर विरायचा नाही. तसे हार्प करणारं आता कुणी नव्हतं. फीननला तो हुन्नर परत उभा करायचा होता. मापं घ्यायला म्हणून त्यानं आठ दिवसांसाठी हार्प मागून नेला.

तारा उतरवल्या, मागची फळी काढली आणि आत बघतो तर वाकशीनं तासल्याचे घाव, जागोजागी उंचवटे. जुन्या कारागिराची त्यालाच लाज वाटली. पटाशी घेतली आणि दोन दिवसांत आतलं पोट अंड्याच्या कवचासारखं केलं. मापं घेतली ती त्यानंतर.

तारा परत चढवल्या. पत्र्याच्या डब्यावर खडा मारावा तसं वाजायला लागलं. मधे जाड, कडेला पातळ हे जुन्यानं मुद्दाम राखलं होतं, हे तेव्हा त्याच्या डोक्यात शिरलं. हार्प परत नेताना त्यानं ढलप्यांचं पोतंही नेलं, मावशीला जाळ पेटवायला.

"काय रं झालं ह्याला?" मावशीनं तार छेडून विचारलं.

"घरात ओल हाय, मावशे. लाकूड पाणी प्यालंय," फीनन बोलून गेला.

मावशीनं त्याच दिवशी चुलीजवळची आपली खाट ओलसर कोपऱ्यात ओढली आणि उबेच्या जागी हार्प ठेवला. बावीस वर्षं ती त्या कोपऱ्यात खोकत निजली. फीनन दर हिवाळ्यात खरं सांगायचं ठरवून जायचा आणि तिची लाकडं फोडून देऊन परत यायचा. त्या मापांवर त्यानं एकतीस हार्प केले. तो नाद एकालाही आला नाही.

मग कॉर्क शहराहून ऊना नावाची बाई जुन्या हार्पची मापं उतरवून घ्यायला आली. तिला वाट दाखवायला मी गेलो होतो. फीनन आपली मापांची वही घेऊन मावशीच्या घरी आला.

"लिही बाई," मावशी म्हणाली. "मापं जुनीच हायेत. नाद तेवढा माझ्यापायी गेला. घर ओलं ठिवलं मी. वर जाऊन आज्याला काय तोंड दावू?"

फीननला वही उघडता येईना.

"ओल न्हवती, मावशे. आतनं मी तासलं. मापं बी माझीच हायेत."

मावशी चुलीकडं बघत राहिली.

"मग त्या ढलप्या?"

"त्याच्याच."

"म्हंजे आज्याचा हार्प जाळून मी चहा उकळला व्हय रं? आन तू त्यो पिलास?"

"पिलो."

"वर साखर मागून घेतलीस, मुडद्या."

ऊनाची लेखणी अधांतरीच होती. "मी काय लिहू?" तिनं हळूच विचारलं.

फीनननं तिच्याकडून लेखणी घेतली आणि आपल्या वहीत जाडीच्या प्रत्येक मापापुढं लिहिलं, 'ही क्रोलीची. जुनी ठाऊक नाही.' अकरा ठिकाणी.

"झालं गिरवून?" मावशी म्हणाली. "आता माझी खाट चुलीजवळ वढ."

त्यानं एकट्यानं ओढली, मला हात लावू दिला नाही. आमच्याकडं वैऱ्यालाही चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. मावशीनं ऊनाला दिला, मला दिला. फीनन दाराशी जरा थांबला, मग टोपी घालून उताराला लागला.