कुनीकडं वतायचं?

हाताचा तळवा आडवा धरायचा, आधी एका अंगाला कलता करायचा, मग दुसऱ्या अंगाला, आणि भुवया वर करून विचारायचं, "कुनीकडं वतायचं?" मिस्त्रींची ओळख करून द्यायला मला याच्यापेक्षा जास्त काही लागत नाही. आमच्या रस्त्यावर आजही कुणी तसा हात केला, तर बघणाऱ्याला तेच आठवतात.

आम्ही सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचो. शिराळ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. तिथं ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचे, पण साध्या नव्हे. साधी ट्रॉली मागच्या मागं रिकामी होते. मिस्त्रींच्या ट्रॉलीचा हौदा डाव्या अंगालाही कलायचा आणि उजव्याही. मधोमध खाली जॅक, आणि दोन्ही अंगांना जाडजूड पिना. ज्या अंगाला ओतायचं, त्या अंगाच्या पिना तशाच ठेवायच्या, समोरच्या अंगाच्या काढायच्या आणि जॅक चढवायचा. हौदा बिजागरीवर दार फिरावं तसा राहिलेल्या पिनांवर फिरतो आणि माल धडाधड खाली. पाटाच्या कडेनं, बांधाच्या कडेनं, जिथं ट्रॅक्टर वळायला जागा नाही, तिथं याच्यासारखी सोय नाही. वडूजपासून लोक यायचे.

मी शेजारच्या गाळ्यात पेंटर. नंबर प्लेटा, दुकानांच्या पाट्या आणि मिस्त्रींच्या ट्रॉल्या रंगवायचो. रंगवायचो कमी आणि बोलणी जास्त खायचो. "पेंटर, ह्यो चंद्र हाय का उष्टी भाकरी?" हे तर ठरलेलं.

चंद्राची भानगड सांगायला हवी. सुरुवातीला ट्रॉलीला डावं-उजवंच म्हणायचे. वडूजच्या एका शेतकऱ्यानं नवीन ट्रॉली नेली, शेणखतानं भरली आणि रानात जाऊन स्वतः ट्रॅक्टरच्या तोंडासमोर उभा राहिला. ओरडला, "डावीकडं वत रं!" ड्रायव्हरनं स्वतःच्या डावीकडं ओतलं. सगळं खत शेजाऱ्याच्या रानात! शेजारी म्हणाला, "देवानं दिलं, आता माघारी कसं देऊ?" दोघांचं बोलणं बंद झालं, ते आजतागायत. तो शेतकरी तणतणत शेडवर आला. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं, मग पोट धरून हसले, आणि मला हाक मारली. तेव्हापासून प्रत्येक ट्रॉलीच्या उजव्या अंगाला सूर्य आणि डाव्या अंगाला चंद्र. "सूर्याकडं वत" म्हटलं की पुढून ऐका नाहीतर मागून, घोटाळा नाही.

माणूस तसा देहानं पैलवान आणि जिभेनं वात्रट. माझ्या लग्नाच्या वेळी मला दोन स्थळं आलेली आणि माझं काही ठरेना. मिस्त्री रोज सकाळी गाळ्याच्या दारात येऊन हात कलवायचे. "गड्या, एकदा ठरीव. जॅक चढवून हौदा मधीच हुबा ठिवलाय न्हवं. दोन्ही पोरींचे बाप खाली हुबं हायत, बिचारी मरतील की!" निवडणुकीत दोन्ही पार्ट्यांची माणसं त्यांच्याकडं यायची, तेव्हा म्हणायचे, "आपलं काय, दोन्ही अंगाला चालतंय." त्यामुळं शेडवर दोन्हीकडचे फलक लागायचे आणि दोन्हीकडचा चहा आम्हाला मिळायचा.

पण एका बाबतीत चेष्टा नाही. ट्रॉली ताब्यात देताना नारळ फुटला की मालकाला स्वतः पिना काढायला लावायचे. आधी सूर्याकडं कलवायला लावायचे, मग चंद्राकडं. आणि मग सुनवायचे, "ह्ये बग, मानसाला एका अंगाची सवं लागती. रोज एकाच अंगाला वतशील. मग त्या अंगाच्या पिना कवा निघायच्याच न्हाईत, गंजून बसतील. एक डाव बसल्या की दुसरं अंग मेलंच म्हन. गरज असू दे नसू दे, मधनं मधनं दुसऱ्या अंगाला वतत जा." कुणी ऐकत नसे. पिना बसल्या की यायचे, आणि मिस्त्री रॉकेल आणि घण घेऊन शिव्या देत बसायचे.

एका सकाळी ते असेच एका गिऱ्हाइकाला विचारत होते. हात एका अंगाला कलला तो कललाच. परत वर येईना. तोंड वाकडं झालं. गिऱ्हाईक हसायला लागलं, त्याला वाटलं नेहमीची नक्कल. सलीम, त्यांचा वेल्डर, जन्मभर त्यांच्याबरोबर राहिलेला, तो हातातलं सगळं टाकून धावला म्हणून डोकं लोखंडावर आपटलं नाही.

अंगावरून वारं गेलं होतं. डावं अंग पार गेलं. साताऱ्याला नेलं, बरेच दिवस ठेवलं आणि माघारी आणलं. बोलणं जड झालं, पण कळायचं. डॉक्टरांनी निघताना एक गोष्ट मिस्त्रींच्या बायकोला, आमच्या वहिनींना, बजावून सांगितली होती: यांना एका कुशीवर राहू द्यायचं नाही, सारखं या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं, नाहीतर अंगाला जखमा पडतील, आणि अशा माणसाला आजारापेक्षा त्या जखमाच नेतात.

वहिनी म्हणजे मूठभर जीव. मूलबाळ नाही. तो एवढा थोरला देह त्या माउलीनं एकटीनं वळवायचा कसा? आम्ही होतो, पण दिवसभर किती वेळा येणार? व्हायचं तेच झालं. पाठीवर, कमरेच्या वर, जखम पडली. वहिनी पदर तोंडात कोंबून मलमपट्टी करायच्या.

तोड मिस्त्रींनीच काढली. एका दुपारी मी आणि सलीम बसलो होतो, तर त्यांनी चांगला हात आडवा केला, इकडं कलवला, तिकडं कलवला, आणि कॉटवर थाप मारली. सलीमला लगेच कळलं. तो नुसता उठला आणि शेडकडं पळाला.

कॉट झक्क झाली. खाली घट्ट चौकट, वर साटा, म्हणजे पलंगाचा निजायचा भाग, मधोमध गाडीचा हातानं फिरवायचा जॅक, दोन्ही अंगांना पिना, आणि माणूस घसरू नये म्हणून कडेला उशी बांधलेल्या फळ्या. पिना काढा, जॅक फिरवा, की साटा हवा त्या अंगाला कलायचा आणि त्याच्याबरोबर मिस्त्री कुशीवर वळायचे. मी एका कडेला सूर्य काढला, दुसऱ्या कडेला चंद्र. पहिल्यांदा कलवताना निम्मी आळी दारात होती. मिस्त्री पडल्या पडल्या हुकूम सोडत होते, "पिन बगितली का? आधी पिन बगा!" वहिनींनी जॅक फिरवला आणि नवरा वळला, तसं त्यांना हसू आवरेना. किती दिवसांनी हसल्या होत्या.

पाठीची जखम सुकायला लागली. आम्ही म्हणालो, जिंकली लढाई.

आता खोली कशी होती ते सांगतो, कारण सगळं तिथंच फसलं. घर रस्त्याच्या अलीकडं, शेड रस्त्याच्या पलीकडं. खोली अरुंद आणि लांबट, कॉट आडवी टाकायला जागाच नाही, म्हणून ती उभी टाकलेली, मिस्त्रींचं डोकं दक्षिणेला. पश्चिमेला खिडकी, तिच्यातून रस्ता आणि शेड सगळं दिसायचं. पूर्वेला नुसती भिंत. खिडकीच्या कडेला सूर्य, भिंतीच्या कडेला चंद्र.

सूर्याकडं कलवलं की मिस्त्री शेड बघायचे. कोण आलं, कोण गेलं, सलीम काय करतोय. खिडकीतून हात करून त्याला शिव्याही घालायचे. चंद्राकडं कलवलं की तोंडासमोर भिंत. मग ते कण्हायचे, चांगला हात अंगाखाली अडकायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. वहिनींना ते बघवायचं नाही. त्या चंद्राकडं कलवायच्या आणि घटकाभरात परत सूर्याकडं आणायच्या. पुढं पुढं चंद्राकडं कलवायचंच बंद झालं. थोडा वेळ सरळ, बाकी सारा वेळ सूर्याकडं.

सूर्याकडं म्हणजे डाव्या कुशीवर. गेलेलं अंग खाली. त्या अंगाला दुखणंही कळत नव्हतं.

डाव्या खुब्यावर नवी जखम पडलेली आम्हाला कळली ती वासानं. डॉक्टर येऊन बघून गेले आणि आम्हा सगळ्यांवर ओरडले. बरोबरच ओरडले.

मी मिस्त्रींना म्हणालो, "मिस्त्री, आवं तुमीच सगळ्यांना सांगायचा न्हवं, दुसऱ्या अंगाला वतत जा म्हनून? आनि आता तुमीच असं?"

त्यांनी चांगल्या हातानं भिंतीकडं दाखवलं. मग जड जिभेनं म्हणाले, "तिकडं भिताड हाय, पेंटर."

मला वाटलं, मला उपाय सुचला. साधा उपाय होता. उशी उलटीकडं घ्यायची. डोकं जिथं आहे तिथं पाय करायचे, म्हणजे उजव्या कुशीवर निजूनही तोंड खिडकीकडंच राहील. रस्ता दिसेल आणि डाव्या खुब्याला सुटका मिळेल. मी मोठ्या उत्साहानं वहिनींना सांगितलं.

वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. "तिकडं उत्तर हाय."

"मग?"

"मग काय इचारता? उत्तरंला डोस्कं मेलेल्या मानसाचं करत्यात. जित्या मानसाचं करू? माज्या हातानं?"

मी वाद घातला. विनवण्या केल्या. सलीमनंही समजावलं. त्या म्हणाल्या, "पेंटर, तुमचं चांद-सूर्य ट्रॉलीवर ऱ्हाऊ द्यात. माझं कुकू हाय ह्ये." मला राग आला, अजून येतो. पण कुणावर रागवायचं? ती बाई त्यांना जगवायलाच तर हट्टाला पेटली होती. शेवटी मी मिस्त्रींकडं वळलो. म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी बायकोकडं पाहिलं, हात जरासा कलवला आणि म्हणाले, "तिचं मन मोडून कुनीकडं वतू?"

एवढं झाल्यावर वहिनींनी रडत रडत भिंतीकडं कलवायचं कबूल केलं. कण्हले तर कण्हू देत, म्हणाल्या, मी बाहेर जाऊन बसते. सलीमनं सूर्याच्या अंगाच्या पिनांना हात घातला.

पिना हलल्या नाहीत.

रोजचं अंग पुसायचं पाणी, जखमा धुवायचं पाणी, सगळं त्याच कडेनं ओघळायचं. इतक्या दिवसांत त्या पिना कुणी काढल्याच नव्हत्या. सलीमनं रॉकेल सोडलं, थांबला, आणि हातोडी मारली. प्रत्येक घावाला कॉट थरथरायची आणि मिस्त्रींचं तोंड वाकडं व्हायचं. सलीम हातोडी मारत होता आणि रडत होता. मी मिस्त्रींचे पाय धरून उभा होतो. कशाला धरले होते, कुणास ठाऊक.

"बास कर रं," मिस्त्री म्हणाले. "न्हाई निघत ती. आवाज ऐक की."

आम्ही ऐकला. आवाज भरीव येत होता. पिन आणि भोक एक झाल्यावर येतो तसा.

त्यांना खाली गादीवर घेतलं, हातानं वळवलं, उशा लावल्या. सगळं केलं. पण जखम हाडापर्यंत गेली होती आणि ताप उतरायचं नाव घेईना. शेवटी शेवटी ते खिडकीकडंही बघत नव्हते. वहिनी विचारायच्या, "आवं, कुनीकडं वळवू?" तर डोळेही उघडायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "वता आता मला." वहिनींना वाटलं पाणी मागितलं. त्या वाटी घेऊन आल्या.

ते गेले तेव्हा दिवस चांगला वर आला होता आणि शेडवर एक ट्रॉली न्यायला गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं.

आळीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, डोकं उत्तरेला करा. आम्ही केलं. त्या खोलीत त्यांचं डोकं पहिल्यांदाच तिकडं झालं, आणि त्यांचं उजवं अंग खिडकीकडं आलं. वहिनी ते बघत राहिल्या. मग माझ्याकडं बघितलं. मला त्यांची नजर सोसली नाही, मी कॉटकडं बघितलं. ती भिंतीला लावून उभी केली होती. सूर्याचा रंग पाण्यानं पार उडाला होता. चंद्र मी काढला तसाच होता.

तिरडी आली. दार अरुंद, त्यात माणूस थोराड. सलीमनं डोळे पुसले, वाकला आणि सवयीनं विचारलं, "कुनीकडनं घ्यायचं?"

आणि आम्ही सगळ्यांनी मिस्त्रींकडं बघितलं.