चिलापीसाठी उलथनं

माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी मासा हातात धरला नव्हता, तरी मी एका अमेरिकन माणसाला फोनवर बेधडक सांगून टाकलं की ते दर रविवारी पुलावरून मासे पकडतात.

तेव्हा मी हडपसरच्या बाजूला नव्यानेच निघालेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होते. रोज संध्याकाळी सात वाजता अमेरिकेतल्या गिऱ्हाईक कंपनीच्या मॅनेजरशी फोन असे. आमच्या साहेबांची सूचना होती की पहिली पाच मिनिटं कामाचं बोलायचं नाही, इकडचं तिकडचं बोलायचं, त्याने संबंध जुळतात. आता सदाशिव पेठेत वाढलेल्या मुलीला इकडचं तिकडचं बोलता येतं, पण ते लोकांच्या चुका काढायला. परक्या माणसाला ‘शनिवार-रविवार कसा गेला’ याचं काय उत्तर द्यायचं? मी दळण आणलं होतं.

तो मात्र खुशाल बोलायचा. समुद्रकाठच्या गावात राहायचा आणि सुट्टीत धक्क्यावर नाहीतर पुलावर उभा राहून शीप्सहेड नावाचा मासा पकडायचा. अंगावर काळे पट्टे आणि तोंडात अगदी माणसासारखे दात. पुलाच्या खांबांना चिकटलेले शिंपले तो त्या दातांनी खरवडून खातो आणि गळाला लावलेलं आमिष इतक्या हलक्या हाताने पळवतो की वर उभ्या असलेल्याला पत्ताच लागत नाही. एकदा हे सांगता सांगता त्याने विचारलं, “तुझे वडील काय करतात?”

मी म्हटलं, “निवृत्त झालेत.”

“मजा आहे! मासे पकडतात का?”

मी हो म्हटलं. खरं उत्तर होतं, ‘घरी बसलेत.’ ते माझ्या तोंडून निघेना. मला वडिलांची लाज वाटली होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

बाबा पिंपरीकडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. मिलिमीटरचा शंभरावा भाग अंगठ्याला कळणारा माणूस. मग कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली. बाबांनी ती शिकायची तयारी दाखवली, तेव्हा एक तरुण अधिकारी गोड आवाजात म्हणाला होता, “काका, या वयात नाही जमायचं तुम्हाला.” पुढे त्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. कोणी विचारलं तर बाबा म्हणायचे, “स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी.” लोक हसत. पण त्या वाक्यानंतर बाबा पेपर उघडून बसत आणि पान उलटतच नसत. दीड वर्ष हेच चाललं होतं. मी घरात शिरताना आधी त्यांच्या खुर्चीकडे बघायचे आणि ते तिथेच दिसले की मला राग यायचा. कोणाचा, ते कळायचं नाही.

खोटं पचलं असतं, पण दसऱ्यानंतर त्या माणसाचा निरोप आला की जानेवारीत तो आठवडाभर पुण्याला येतोय. एक रविवार मोकळा आहे आणि तुझ्या वडिलांबरोबर पुलावर जायचंय. सोबत ईमेलवर एक चित्र पाठवलं होतं. गळ केवढा, दोरा कुठे बांधायचा, वजनाचं शिसं कुठे, सगळं काढून दाखवलेलं.

मी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “खोटं तू बोललीस ना? मग मासे पण तूच पकड.”

मी त्या चित्राचा कागद टेबलावर तसाच ठेवून झोपले. सकाळी पाहिलं तर त्यावर लाल पेन्सिलीने खुणा होत्या. बाबा म्हणाले, “मापं इंचात दिलीत. गाढवपणा आहे. पण माणसाने ड्रॉइंग नीट काढलंय. शिसं गळाला अगदी टेकून का, ते विचार त्याला.”

मी फोनवर विचारलं. तो म्हणाला, शिसं आणि गळ यांच्यात दोरा राहिला तर तो ढिला पडतो, आणि ढिल्या दोऱ्यातून काही कळत नाही. हे मी बाबांना सांगितलं. “बरोबर आहे,” बाबा म्हणाले. दीड वर्षात कुठलीही गोष्ट बरोबर असल्याचं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

त्या रविवारी ते रविवार पेठेत जाऊन गळ आणि नायलॉनचा दोरा घेऊन आले. गॅलरीत जुन्या स्टोव्हवर शिसं वितळवून त्याच्या सुपारीएवढ्या गोळ्या केल्या, त्यांना मधोमध भोकं पाडली. आईने गॅस द्यायला साफ नकार दिला होता. शिवाय तिच्या अटी होत्या. घरात मासा येणार नाही, गांडूळ येणार नाही, आणि पुलावरून आलात की दोघांनी सरळ मोरीत जायचं. “पोरीच्या नोकरीसाठी म्हणून गप्प बसतेय,” ती म्हणाली. ती गप्प मात्र बसली नव्हती.

पूल हडपसरच्या पुढचा, नदीवरचा जुना आणि बुटका. रहदारी नव्या पुलावरून जायची, त्यामुळे इथे सायकली, म्हशी आणि गळ टाकणारी चार माणसं एवढीच वर्दळ. पाण्याला वास होता. आम्ही स्कूटर कडेला लावली, कणकेची गोळी गळाला लावली आणि सोडली. थोड्या वेळाने वर काढली तर नुसता गळ. पुन्हा लावली, पुन्हा नुसता गळ. दुपारपर्यंत दोन वाटी कणीक संपली. बाबा म्हणाले, “हे मासे पकडणं नव्हे, अन्नछत्र आहे.”

पलीकडे एक माणूस उभा होता. त्याच्या बादलीत सहा-सात चिलापी होत्या. भंडाऱ्याकडचा, तळ्यांच्या मुलखातला, हडपसरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. तिसऱ्या रविवारी त्याला राहवलं नाही.

“साहेब, मधात काहून टाकून राह्यले जी? मासोळी तं खांबापाशी हाय. शेवाळ खाते थे.” मग त्याने बाबांचा गळ हातात घेतला. “अन् हा केवढा मोठा आनला! चिलापीचं तोंड एवढुसं. लहान लावा.”

मी बाबांकडे पाहिलं. ते चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी खिशातून अमेरिकेहून आलेला कागद काढला आणि त्यावर बोट ठेवलं. तिथेही तेच लिहिलं होतं. गळ लहान पण मजबूत घ्या, खांबाला घासून सरळ खाली सोडा. आणि पुढे असं होतं की आधी खांबावरचे शिंपले कुदळीने खरवडा, त्याचा चुरा पाण्यात पडला की मासे जमा होतात.

“दोघं एकच सांगतायत,” बाबा म्हणाले. “आपणच फक्त तिसरं करत होतो.”

पुढच्या रविवारी आमच्याबरोबर एक लांब बांबू होता आणि त्याच्या टोकाला तारेने घट्ट बांधलेलं आईचं उलथनं. बाबांनी कठड्यावरून वाकून खांबावरचं शेवाळ खरवडायला सुरुवात केली. हिरवे तुकडे पाण्यात पसरले आणि खरंच, खाली काळसर पाठी हलताना दिसल्या. भंडाऱ्याचा माणूस पोट धरून हसला. त्याच्या पुढच्या रविवारी त्याच्याकडेही उलथनं होतं.

आईला हे कळलं तेव्हा जे व्हायचं ते झालंच. पण सगळं बोलून झाल्यावर तिने विचारलं, “आमिष सुटतं म्हणजे काय? कणीक पाण्यात विरघळणारच. भाजणी घ्या. माझं थालीपीठ तव्यावरून सुटत नाही ते पाण्यात काय सुटतंय.” तिने डब्यातली थालीपिठाची भाजणी घट्ट मळून दिली. धन्या-जिऱ्याचा वास असलेली ती गोळी गळाला चिकटून राहिली.

राहिला प्रश्न हाताचा. चिलापीही त्या शीप्सहेडसारखीच चोरटी. दोरा ओढत नाही, नुसती चोखते. “थे चाटते,” भंडाऱ्याचा माणूस म्हणायचा, “तुमी धक्क्याची वाट पाहून राह्यले.” फोनवरचा माणूस म्हणायचा, ओढ लागली असं कळेपर्यंत थांबलात तर मासा गेलेला असतो. शिशाचं वजन बोटाला पाठ झालं पाहिजे, आणि ते जरा वेगळं लागलं की उचला. मला हे शेवटपर्यंत जमलं नाही. बाबा दोरा तर्जनीवर घेऊन डोळे मिटून उभे राहायचे. डिसेंबरातल्या एका सकाळी ते हळूच म्हणाले, “वजन बदललं,” आणि मनगट वर उचललं. करड्या रंगाची, वळवळणारी चिलापी कठड्यावरून आत आली.

बाबांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली. “एकशे अठ्ठ्याहत्तर मिलिमीटर,” ते म्हणाले. मासा त्यांनी भंडाऱ्याच्या माणसाच्या बादलीत टाकला. सगळे मासे पुढेही त्यालाच मिळाले. घरी येताना स्कूटरवर बाबा काहीतरी गुणगुणत होते आणि मागे बसून मला रडू येत होतं. वाऱ्यामुळे डोळ्यांत पाणी येतं, ते बरं असतं.

जानेवारीत तो माणूस आला. उंच, लालबुंद, डोक्याला टोपी. रविवारी सकाळी तो पुलावर आला आणि बांबूला बांधलेलं उलथनं बघून त्याने आधी त्याचाच फोटो काढला. बाबांनी त्याला दोरा दिला. तो आणि बाबा एकाच खांबाच्या दोन बाजूंना उभे राहिले, मधे मी दुभाषी. तासाभरात बाबांनी चार मासे काढले, त्याने एक. तो खूश होता. मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं निभावलं होतं.

तेवढ्यात त्याने मला विचारलं, “किती वर्षं पकडतायत तुझे वडील?”

मी बाबांना विचारलं. ते पाण्याकडे बघत म्हणाले, “तीन महिने. त्यातला दीड महिना नुसतं खायला घातलं.”

माझ्या मनात वीस वर्षं हा आकडा तयार होता.

“मी म्हणालो तेच सांग,” बाबा म्हणाले.

मी सांगितलं. तीन महिने तर सांगितलेच, फोनवर खोटं बोलले होते तेही सांगितलं, का बोलले तेही. कारखाना, नवी मशिनं, खुर्ची, सगळं. त्या माणसाने टोपी काढून कठड्यावर ठेवली. आता हे काम कंपनीच्या हातून गेलं आणि त्याबरोबर माझी नोकरीही, असं मी धरून चालले. मग त्याने बाबांच्या बोटावरच्या दोऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “तीन महिने? मला हे शिकायला दोन वर्षं लागली. इतक्या लवकर शिकणारा माणूस मी पाहिला नाही.”

माझ्या नोकरीबद्दल तो एक अक्षरही बोलला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मी त्याचं वाक्य मराठीत सांगितलं, एकेक शब्द, काही न गाळता. बाबांनी दोरा वर घेऊन गळाला नवी गोळी लावली. मग म्हणाले, “त्याला म्हणावं, दोरा उचलायला तो फार उशीर करतो.”

तो परत गेला. आई म्हणाली, “झालं ना तुमचं? आता माझं उलथनं परत आणा.” बाबांनी मुकाट्याने तार सोडली, उलथनं चिंच लावून घासलं आणि भांड्यांच्या फळीवर ठेवून दिलं. बांबू गॅलरीच्या कोपऱ्यात गेला. सोमवारी बाबा खुर्चीत होते. मंगळवारीही. शुक्रवारी संध्याकाळी मी फोन संपवून घरी आले तेव्हा त्यांच्यासमोर पेपर उघडा होता. पान कुठलं होतं ते मी मुद्दाम पाहिलं नाही. माझं काम होतं म्हणून ते तीन महिने उठले, आता काम संपलं, असं मला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

रविवारी मी उशिरा उठले. स्वयंपाकघरात आई भांडी आपटत होती.

“उलथनं कुठे गेलं माझं?”

मी गॅलरीत पाहिलं. बांबू नव्हता. खाली स्कूटरही नव्हती. ओट्यावर मिठाच्या बरणीखाली एक कागद होता. बाबांच्या ड्रॉइंगवरच्या सरळ, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं :

‘उलथने नेले आहे. आता ते परत मिळणार नाही. येताना नवीन आणतो.’

आईने चिठ्ठी दोनदा वाचली. मग वरच्या फळीवरचा भाजणीचा डबा काढला आणि झाकण उघडून आत पाहिलं.

“अर्धा डबा नेलाय,” ती म्हणाली, आणि नवीन भाजणीसाठी ज्वारी निवडायला बसली.