ॲव्हरेज म्हणजे शिवी नव्हे

"साहेब, माया रुईले ॲव्हरेज म्हनून राह्यले हे लोक!"

आवाज दारातूनच आला. मोताळ्याच्या जिनिंग फॅक्टरीचे मालक भास्करराव. चपला काढायच्या आधीच त्यांचा फोन माझ्या नाकासमोर.

मी जहाजावरून कॅप्टन म्हणून रिटायर झालो आणि बुलढाण्यात घर बांधलं. इथे रेल्वेसुद्धा येत नाही, मग जहाज कुठलं? निम्मं गाव मला मिलिटरीतला कॅप्टन समजतं. मीही आता खुलासे करायचं सोडून दिलंय.

फोनवर शिपिंग कंपनीचा मेल होता. भास्कररावांनी पहिल्यांदाच रुईच्या गाठी परदेशी पाठवल्या होत्या. वाटेत जहाजाच्या एका होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या कोठारात, आग लागली. ती विझवून जहाज बंदरात पोचलं. भास्कररावांच्या गाठी दुसऱ्या होल्डमध्ये होत्या, कोरड्या ठणठणीत. पण मेल म्हणत होता: कॅप्टनने 'जनरल ॲव्हरेज' जाहीर केलं आहे, सोबतच्या बॉन्डवर, म्हणजे हमीपत्रावर, सही करा, त्याशिवाय माल सुटणार नाही.

"मग सही केली का?"

"काऊन करू? सही केली म्हंजे मीच कबूल केलं का माल ॲव्हरेज आहे! अन् थेबी जनरल! धागा पाहा न तुमी आमचा. मी जवाब ठोकला त्याइले. लिवलं का आमची रुई जिल्ह्यात एक नंबर आहे."

मला हसू आवरेना. पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गाठी गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत जबाबदारी भास्कररावांची होती. तिकडची सूतगिरणी खोळंबली होती आणि ऑर्डर कॅन्सल करायची भाषा करत होती. पहिलीच ऑर्डर अशी गेली, तर दुसरी कोण देणार?

"बसा आधी. जहाजाच्या विम्यात ॲव्हरेज म्हणजे नुकसान. मध्यम दर्जा नाही, गाडीचं मायलेज नाही. ज्याचं त्याने सोसायचं ते पर्टिक्युलर ॲव्हरेज. सगळ्यांना वाचवायला मुद्दाम केलेलं ते जनरल ॲव्हरेज."

भास्कररावांचा चेहरा तसाच. मग मी समुद्र सोडला आणि सरळ रस्त्यावर आलो.

"चार जणांचा कापूस एका मेटॅडोरमध्ये चाललाय. एका कोपऱ्यात आग लागली. ड्रायव्हरने बादल्या ओतल्या. गाडी वाचली, तुमचा कापूस वाचला. पण त्या कोपऱ्यातला एकाचा चांगला कापूस पाण्याने भिजून गेला. त्याने एकट्यानेच सोसायचं?"

"असं कसं? पानी तं साऱ्यायसाठी टाकलं. साऱ्यायनं मिळून भरा. गाडीवाल्यानंबी."

"झालं. यालाच जनरल ॲव्हरेज म्हणतात."

भास्करराव खुर्चीत टेकले. "मंग माया वाटा किती?"

"वाचलेल्या मालाच्या किमतीप्रमाणे. माल जितका भारी, तितका वाटा मोठा. पण तुमचा विमा आहे. तुम्ही सही करा, विमा कंपनीला कळवा. हमी ते देतील, वाटाही तेच भरतील."

त्यांना पुढचं काही ऐकूच गेलं नाही.

"भारी माल असन तं जास्त?"

"हो."

त्यांनी फोनवर आपला जवाब पुन्हा उघडला. मग हळूच म्हणाले, "साहेब, थो एक नंबरवाला मेल वापस घेता येते का?"

"किंमत बिलावरून धरतात भास्करराव, बढाईवरून नाही. करा सही."

सही झाली. विमा कंपनीने हमी दिली, गाठी सुटल्या. नंतर त्यांचा फोन आला.

"साहेब, गिऱ्हाइकानं माल पास केला. दुसरी ऑर्डरबी देऊन राह्यला."

"अभिनंदन!"

"हाव, पन त्यानं लिवलं, क्वालिटी फाइन. फाइन म्हंजे आपल्याकडं दंड होते. एकडाव फसलो, म्हनून इचारून घेतो. आनंद करू का नोको?"

करा म्हटलं.

हल्ली मी तरुण जहाज अधिकाऱ्यांना विम्याची तोंडओळख करून देतो. कलमं, पॉलिसी, बॉन्ड सगळं पुस्तकात आहेच. पुस्तकात नसलेलं एवढंच सांगतो: जनरल ॲव्हरेज कळवताना खाली एक ओळ जास्तीची लिहा. "आपल्या मालाच्या दर्जाबद्दल आमचं काही म्हणणं नाही."